एकच तंदूर

१४ एप्रिल, सोमवार

सून जीबेक म्हणते, डोकं तापलं की माणसांवर ओरडू नका आपा, वहीवर ओरडा. वही तिनंच आणून दिली. सहावीत शाळा सुटली, त्यानंतर बिलं सोडून मी काही लिहिलेलं नाही. कुणी चुका काढायला येऊ नये.

सुयुनला जाऊन वर्ष झालं. नवरा माझा. काल वर्षाचं जेवण घातलं. सगळं टोकमोक गाव जेवून गेलं, आणि मुलगा आला नाही. मेदेर सहा वर्षं मॉस्कोत आहे, अधूनमधून येऊन जातो. बापाच्या मातीला आला तेव्हा तीन दिवस थांबला. वर्षाला नक्की येतो म्हणाला होता. काल फोनवर म्हणतो, सुट्टी नाही. पोरगी, सायकाल, नऊ महिन्यांची झाली, त्यानं ती अजून फोनमध्येच पाहिलीय.

जेवणाला उस्ता कासिमबेक आला होता, काठी टेकत. आमचा तंदूर त्यानंच बांधला. माती त्याची, घाम त्याचा आणि सुयुनचा. त्यानं तंदूराच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाला, "भिंत अजून छान आहे. हिला कुणी उगाच छेडू नका." दात नाहीत, तरी आमचा नान चहात बुडवून खाल्ला.

सगळे गेल्यावर मी ताटं आपटली. जीबेकनं सायकालला माझ्या मांडीवर ठेवलं आणि ताटं स्वतः धुतली.

१७ एप्रिल, गुरुवार

आज गुरुवार, म्हणजे सुनेचा प्रश्न. दर गुरुवारी दुपारी, भट्टी निवली की ती समोर चहा ठेवते आणि विचारते, "आपा, या आठवड्यात कशानं डोकं उठलं?"

ती बिश्केकच्या एका कंपनीसाठी घरात बसून प्रोग्राम लिहिते. आमच्या नानच्या ऑर्डरींसाठीही तिनंच एक लिहिलाय, माझ्या फोनमध्ये. आधी मी भिंतीवर खडूनं लिहायचे आणि सोनुनची बाही लागून पुसलं जायचं. सोनुन म्हणजे नान लावणारी, पंधरा वर्षांपासून माझ्याकडे, मला एजे म्हणते, म्हणजे मोठी बहीण, जिभेला हाड नाही. सुनेनं पहिल्यांदा फक्त यादी केली. कोण, किती, कधी. बस. मी म्हटलं, एवढंच? म्हणाली, "एवढंच पुसलं जात होतं ना?" पुढच्या गुरुवारी एक गोष्ट वाढवली. त्याच्या पुढच्या वेळी एक काढली, कारण ते बटण कुणी दाबतच नव्हतं. अशी ती करते, गोगलगायीसारखी. माझा जीव जातो.

तिनं केलेलं एकच बटण मला मनापासून आवडतं, ते लिहून ठेवते. सुयुन गेला त्या सकाळी सोनुन अंगणात येऊन विचारत होती, "एजे, किती नान लावू?" मी हातातला नान टोचायचा ठसा तिला फेकून मारला. ज्या घरात माणूस गेलंय त्या घराला किती आणि कधी विचारत नाहीत. पत्ता कळला की नान निघतो, पहिल्या भट्टीचा, नक्षी न काढलेला, आणि लागेल तोवर जात राहतो. जीबेक तेव्हा पोटुशी होती, दाराशी उभी राहून बघत होती. नंतरच्या एका गुरुवारी तिनं फोन पुढे केला. एक काळं बटण होतं. मयतीचं घर. दाबलं की फक्त पत्ता मागतं. दुसरं काही विचारत नाही.

मी तेव्हा तिला बरं म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं का? तिला कळतं.

२ मे, शुक्रवार

मेदेर येतोय. कायमचा येऊ शकतो म्हणाला, "पण आपा, एका तंदूरवर मी काय करू? धंदा मोठा करायचा असेल तर येतो." तो तिथं घरपोच सामान देणाऱ्या कंपनीच्या गोदामात मुकादम आहे, मोठं काम बघितलेला. म्हणे दोन वर्षांत दहा शहरांत आपला नान. मी म्हटलं, तू ये. दहा काय, वीस कर.

मागं एक पोर "पापा, पापा" करत होतं. मी विचारलं, कोण रे? म्हणाला, खोलीतल्या जोडीदाराचा मुलगा आहे. मग घाईनं फोन ठेवला.

सुनेला सांगितलं. ती लॅपटॉपवर होती. म्हणाली, "येऊ देत, आपा." चेहऱ्यावर ना हसू ना काही. मी तिच्या वयाची असते तर नाचले असते.

एक इथेच लिहिते. मला दहा शहरं नकोत. मला रात्रीच्या जेवणाला माझा मुलगा, सून आणि नात एका दस्तरखानाभोवती बसलेले हवेत. त्यासाठी नान चंद्रावर पाठवायचा असेल तर पाठवीन.

११ मे, रविवार

आला. हडकलाय. सायकाल त्याला बघून रडली आणि माझ्या मानेत तोंड खुपसलं. त्याचं तोंड उतरलं, मग बॅगेतून तिच्यासाठी बूट काढले. लाल, चामड्याचे, बकलवाले. तीन वर्षांच्या पोराला येतील एवढे. सोनुन म्हणाली, "अरे, ही यात बसून नदी पार करेल." सगळे हसलो. मी म्हटलं, पुढचा विचार करणारा आहे माझा मुलगा, वाढत्या अंगाचे घेतलेत.

जीबेकनं बूट हातात घेतले, उलटे केले, तळवे बघितले. अंगठ्यानं टाच चोळली. मग फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवून दिले. थँक्यू नाही, काही नाही. त्याचंही तोंड पडलं. एवढ्या लांबून आणलेली वस्तू, आणि ही अशी. संध्याकाळी मी तिला म्हटलंच, "नवरा सहा वर्षांनी घरी राहायला आलाय, जरा हसून बघ." म्हणाली, "बघितलं, आपा."

१९ मे, सोमवार

अलमातीहून एक जण आलाय, दानियार. मेदेरनं नेमलाय. गोरा, नम्र, चष्मा, बूट फार स्वच्छ. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवतो. म्हणे जुनं सगळं काढून नवं बसवायचं, प्रोग्रामही आणि कामाची पद्धतही. पद्धतीला चपळ म्हणतात. सोनुन म्हणाली, "मी तर आधीच चपळ आहे, तंदूरात कमरेपर्यंत वाकून भाजत नाही ते कसं वाटतं?"

नव्या प्रोग्रामचं चित्र दाखवलं. पडद्यावर पडदे. ऑर्डर घ्यायची तर पहिला प्रश्न, शाखा कोणती?

मी म्हटलं, "कसली शाखा? तंदूर एकच आहे."

मेदेर म्हणाला, "आज एक आहे, आपा. उद्या दहा होतील तेव्हा परत तोडफोड नको. आत्ताच जागा करून ठेवायची."

मला पटलं. घर बांधताना पोरांच्या खोल्या आधी काढतातच की.

जीबेक सायकालला भरवत होती. हळूच म्हणाली, "दुसरा तंदूर पेटेल त्या दिवशी मी अर्ध्या तासात विचारायला लावीन. आत्ता लावलं तर आत्तापासून प्रत्येक माणसाला एक जास्तीचा प्रश्न. आणि दुसरा तंदूर कसा असेल हे आपल्याला आज माहीतच नाही."

मेदेर म्हणाला, "तू लहान विचार करतेस."

ती म्हणाली, "हो."

२२ मे, गुरुवार

आज सुनेनं चहा ठेवला आणि तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "तुझ्यानं उठलंय डोकं."

मग ती बोलली. एवढं एका वेळी मी तिला बोलताना ऐकलं नव्हतं. म्हणाली, नवं करू नका असं मी म्हणत नाही. दानियारचं काम वाईट नाही. पण आधी आपल्याकडून नान घेणारा एकच चहाखाना नव्यावर घेऊ, बाकी जुन्यावर चालू देत. पंधरा दिवसांत काय मोडतं ते दिसेल. मग दुसरा. मयतीचं घर सगळ्यात शेवटी, किंवा नाहीच. ऑर्डरींचा जुना फोन नंबर बंद करू नका.

मी म्हटलं, "अगं तोवर तो परत जाईल. त्याला दिसायला हवं काहीतरी मोठं उभं राहताना."

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आपा, तो थांबणार असेल तर एका तंदूरवरही थांबेल."

मी म्हटलं, तुला तो यायलाच नको होता असं दिसतंय. हे बोलायला नको होतं बहुतेक. पण बोलले. ती कप घेऊन उठली.

मेदेर अंगणाच्या टोकाला जर्दाळूखाली फोनवर होता. फोनवर फार गोड बोलतो. कंपनीची माणसं अशीच जपावी लागतात.

२९ मे, गुरुवार

रोज सकाळी उभ्यानं मीटिंग. प्रत्येकानं सांगायचं, काल काय केलं, आज काय करणार, कशानं अडलं. सोनुननं पहिल्या दिवशी सांगितलं, "काल नान लावले. आज नान लावणार. या मीटिंगनं अडलंय." दानियारनं ते खरोखर चिठ्ठीवर लिहून भिंतीला लावलं. मग म्हणाला, "पण ताई, उभं राहूनच करायची असते." ती म्हणाली, "आम्ही बसतो कधी?"

पीठ फुगून वर आलं होतं, तंदूर लाल झालेला, आणि आम्ही भिंतीकडे तोंड करून उभ्या. पहिले दोन घाणे करपले. मेदेर म्हणाला, सवय होईल.

दुपारी दानियार एकटाच भेटला तेव्हा म्हणाला, "एजे, मीसुद्धा टप्प्याटप्प्यानं म्हटलं होतं. पण मेदेरला पंधरा जूनलाच सगळं हवंय. म्हणाला, आपाला घाई आहे." मी म्हटलं, आहेच घाई. माझं वय बघ.

आज गुरुवार होता. चहा ठेवला तिनं. प्रश्न विचारला नाही. मी वाट बघितली, मग मीच उठून गेले.

६ जून, शुक्रवार

ठरवलं. पंधरा तारखेला नवा प्रोग्राम सुरू, आणि त्याच दिवशी सायकालचा दोरा कापायचा. दोन्ही आनंद एकाच तोयमध्ये, एकाच जेवणावळीत. लोकांना एकदाच बोलवायचं, एकदाच मेंढा कापायचा, आणि मेदेरच्या हातून सगळं होईल.

जीबेक म्हणाली, "आपा, सायकाल अजून चालत नाही."

"चालेल. अजून आठवडा आहे."

"ती उभीसुद्धा धरून राहते. दोरा चालायला लागल्यावर कापतात."

मला कुणी दोरा शिकवू नये. पायाला दोरा का बांधतात मला माहीत आहे. पोर पहिलं पाऊल टाकतं, तेव्हा कुठं दिसतं की पायांत काहीतरी अडकलंय, म्हणून धावत येऊन कापायचं. हे मला माझ्या आजीनं सांगितलंय. पण महिनाभरानं मेदेर इथं असेल का, हे मला कुणी सांगितलेलं नाही. पोरीचं पाऊल बापानं नको बघायला?

ती म्हणाली, "तिला तिच्या वेळेनं चालू द्या ना." आवाज फुटला तिचा. एवढ्याशा गोष्टीला.

१४ जून, शनिवार

काळी आणि पांढरी लोकर, मी स्वतः पिळून दोरा केला. छान झालाय. बोरसोक, पिठाचे गोळे, तळून झाले, नान उद्या पहाटे. जुना नंबर आज दुपारी मेदेरनं बंद केला आणि माझ्या फोनमधला जीबेकचा प्रोग्रामही काढून टाकला. म्हणाला, दोन राहिले तर लोक जुन्याकडेच पळतील. आता ऑर्डर फक्त नव्यावर, लोकांनी स्वतःच फोनमध्ये भरायची. दात काढल्यावर जीभ तिथंच जाते तसं मी दिवसभर फोन काढून बघत होते.

१५ जून, रविवार

आज लिहवत नाही.

१७ जून, मंगळवार

लिहायला हवं. तिनं सांगितलंय, वहीवर ओरडा.

अंगणात लोकरीचा पांढरा नमदा अंथरला होता. सायकालला त्याच्यावर उभं केलं, मेदेरनं काखेत धरलेलं. पायांत मी दोरा बांधला. गल्लीतली पोरं लांबून धावत आली, पहिल्या आलेल्या मुलीनं चाकूनं दोरा कापला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेदेरनं हात सोडले.

ती मटकन बसली. परत उभी केली, परत बसली. मग दोन बाजूंनी दोन हात धरून तिला ओढत नेलं, तशी तिनं पाय पोटाशी घेतले आणि लटकली. लोक आधी हसले. मग हसायचे थांबले. एक म्हातारी म्हणाली, "अजून वेळ होता हिला." जीबेक आली, पोरीला उचललं, नमद्यावरचे दोऱ्याचे तुकडे उचलले आणि आत गेली. मेदेर म्हणाला, "चला चला, जेवायला घ्या."

तेवढ्यात फाटकाशी उस्ता कासिमबेकचा जावई येऊन उभा राहिला. डोक्याला काळी पट्टी. त्यानं दस्तरखानावरच्या नानच्या राशी बघितल्या. सुंदर झाले होते त्या दिवशी, वर तीळ, फुलांची नक्षी.

म्हणाला, "एजे, सासरे पहाटे गेले. आम्ही नान मागवला होता. आला नाही तेव्हा वाटलं, तुमच्याकडेही कुणी गेलं असेल."

मला कळेना. मी म्हटलं, कुणाला सांगितलंत? म्हणाला, नंबर लागेना, मग नातीनं फोनमध्ये भरलं. शाखा विचारली, तिनं टोकमोक लिहिलं. किती नान विचारलं, किती वाजता विचारलं, काय प्रसंग आहे विचारलं. ती पोर रडत होती. किती माणसं येतील हे तिला काय माहीत. तिनं ते सोडून दिलं आणि खालचं बटण दाबलं.

दानियारनं लॅपटॉप उघडला. तिथं होतं. कासिमबेक यांचं घर. बाजूला लिहिलेलं, अपूर्ण. पहाटेपासून तिथंच पडून होतं.

मी दस्तरखानावरचे नान चादरीत बांधले, पाहुण्यांच्या समोरून. मेदेर म्हणाला, "आपा, लोक जेवतायत." मी त्याच्याकडे बघितलं नाही. जीबेक आधीच गाडीत बसली होती, मांडीवर पोर.

उस्ताच्या अंगणात तंबू उभा, बायका आक्रोश करतायत. दस्तरखानावर दुकानातला कापलेला पाव, प्लास्टिकच्या पिशव्यांतून काढलेला. ज्यानं या भागातले अर्धे तंदूर बांधले त्याच्या मयतीला. त्याच्या बायकोनं माझी चादर दोन्ही हातांनी घेतली. उघडली. तीळ दिसले, फुलं दिसली. तिनं एक नान उचलला, कपाळाला लावला, परत ठेवला आणि चादर होती तशी बांधून आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परत येताना गाडीत मी जीबेकला म्हटलं, "काळं बटण असतं तर." एवढंच म्हटलं. तिनं माझा हात धरला. पुलापर्यंत धरून होती.

२१ जून, शनिवार

जुना नंबर सुरू झाला. सुनेनं माझ्या फोनमध्ये तिचा प्रोग्राम परत घातला, दोन मिनिटं लागली. तिनं तो कुठंतरी जपून ठेवला होता. दानियार चिठ्ठ्या काढून गेला. जाताना जीबेकला म्हणाला, "तुमचं ऐकायला हवं होतं." ती म्हणाली, "तुमचंही कुणी ऐकलं नाही." भला आहे तोही.

उस्ताच्या घरी रोज नान जातोय, पहिल्या भट्टीचा, साधा. परत येत नाही, पण कुणी बोलतही नाही.

मेदेर दिवसभर झोपतो, नाहीतर जर्दाळूखाली.

२९ जून, रविवार

गेला. म्हणाला, तिकडं माझ्यावाचून अडलंय. मी म्हटलं, इथं अडलेलं नाही का? म्हणाला, "आपा, तुझं छान चाललंय एका तंदूरवर."

मी अंगणात सगळ्यांसमोर त्याची बॅग धरून ठेवली. सोनुननं माझी बोटं सोडवली. जीबेक दाराशी उभी होती. त्यानं तिला हळूच काहीतरी सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे. बूट बघितले तेव्हाच." मग म्हणाली, "ते परत घेऊन जा, लागतील." त्यानं नेले नाहीत. हे बुटांचं काय ते मला कळलं नाही. विचारलं तर म्हणाली, "नंतर सांगेन, आपा. एका वेळी एकच."

३ जुलै, गुरुवार

सून नारिनला आईकडे चाललीय. काही दिवस म्हणते. काही दिवसांना कुणी पोरीचे हिवाळी कपडे नेत नाही.

मी ओरडले. नवऱ्यानं सोडलं तर सोडलं, मी कुठं सोडलंय? हे घर तुझं आहे, तंदूर तुझ्या नावावर करते, बिश्केकला दुसरा तंदूर काढू, तू मालकीण हो, वरचा मजला बांधू, तुला काम करायला वेगळी खोली. मी बोलतच होते. ती ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग म्हणाली, "आपा, मी तुमच्यावर रागावून जात नाहीये. पण परत एकदम एवढं मोठं काही नका ना करू."

मी गप्प बसले. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा बसले असेन.

रस्त्यासाठी नान बांधून दिला. प्रवासाला निघालेल्या माणसाला आम्ही एका नानचा एक घास चावायला लावतो आणि उरलेला घरी टांगून ठेवतो, परत येऊन संपवायला. तिनं चावला. सायकाललाही दुसरा चावायला दिला, तिनं दोनच दातांनी काठ ओला केला. दोन्ही नान तंदूराशेजारच्या खिळ्याला टांगलेत.

आज प्रश्न विचारायला कुणी नव्हतं. चहा मीच केला, मीच प्यायले.

१२ जुलै, शनिवार

सायकाल वर्षाची झाली. फोन केला नाही. रडले असते.

१८ जुलै, शुक्रवार

सोनुन म्हणते, "एजे, नारिनला गाडी करून जा आणि दोघींना उचलून आण. तू आहेस ना तसली." खरंच निघाले होते. चप्पल घातली, चादरीत नान बांधला. मग तिचं शेवटचं बोलणं आठवलं आणि तशीच पायरीवर बसले.

पेटीत चादर ठेवताना ते लाल बूट हाताला लागले. उलटे केले. टाचा झिजलेल्या आहेत. एका बकलाजवळ वाळू. दुकानदारानं फसवलं असेल त्याला, वापरलेले दिले असतील. तो फोनमधला "पापा, पापा" आवाज एकदम कानात आला. मी बूट होते तसे गुंडाळले. याचा विचार मी एवढ्यात करणार नाही.

३१ जुलै, गुरुवार

उस्ताच्या बायकोनं आज रिकामी चादर धुऊन, घडी घालून पाठवली. आत साखरेचे खडे बांधलेले. मी तंदूराजवळ बसून खूप वेळ रडले. सोनुन म्हणाली, पीठ खारट होईल.

७ ऑगस्ट, गुरुवार

दुपारी भट्टी निवली होती. फोन वाजला. नारिन.

"आपा," ती म्हणाली, "या आठवड्यात कशानं डोकं उठलं?"

किती गोष्टी होत्या. घर रिकामं आहे. सोनुनशी बोलून बोलून तोंड वाकडं झालं. टांगलेले नान दगड झालेत, मी कुणाला हात लावू देत नाही. तू परत ये. पोरीला आण. मी बदलेन, सगळी बदलेन, उद्यापासून. हे सगळं जिभेवर आलं होतं.

मी म्हटलं, "काळ्या बटणावरची अक्षरं बारीक आहेत. चष्म्याशिवाय दिसत नाहीत."

"आज मोठी करते."

"घाई नाही," मी म्हटलं. ती थोडी हसली. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

म्हणाली, "आपा, थांबा, एक दाखवते." फोनमध्ये तिच्या आईची खोली दिसली, लाल गालिचा, खिडकी. सायकाल भिंतीला धरून उभी होती. केस वाढलेत. मला बघून तोंडात बोट घातलं. मग भिंत सोडली. कुणी बोलावलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही, कुणी धरायला धावलं नाही. हात दोन्हीकडे पसरले आणि निघाली, डुगडुगत, आईच्या दिशेनं, थेट फोनमध्ये येत असल्यासारखी. मला फक्त तिचा चेहरा दिसत होता, जवळ जवळ येणारा.

पुढच्या गुरुवारीही विचारेन, जीबेक म्हणाली. मग विचारलं, "अजून काही हवंय, आपा?"

मी म्हटलं, "फोन जरा खाली धर. पाय दिसू देत."